हिराजीबाबांच्या वाडीतलं यॉर्क

बारावीला मी इंग्रजीत नापास झाले नसते, तर यॉर्क नावाचं शहर पृथ्वीवर आहे हे मला आजतागायत कळलं नसतं. त्यामुळे कुणाचं काही अडलंही नसतं म्हणा. पण मग आमच्या आयुष्यात जे घर यायचं होतं ते आलं असतं, आणि सोपाऱ्यातली ती विहीर कायमची मातीखाली गेली असती. निकालाच्या दिवशी आईने स्वयंपाक केला नाही. आण्णा ऑफिसातून आले, त्यांनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे की. एका विषयाचं काय ते बघू." मी रडून घेतलं. मैत्रिणी कॉलेजात निघून गेल्या आणि माझं ते एक वर्ष घरात, म्हणजे खरं तर घराबाहेरच्या ओट्यावर, गेलं. आता पन्नाशी ओलांडल्यावर मागे वळून पाहते तेव्हा माझ्या शिक्षणाचं खरं वर्ष तेच होतं असं वाटतं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आण्णा मुंबईत एका गिरणीच्या ऑफिसात हजेरी घ्यायचे. परळची खोली सोडून ते आम्हाला नालासोपाऱ्याला घेऊन आले, कारण तिथे स्वतःचं घर होण्याची शक्यता होती. ते होईपर्यंत आम्ही हिराजीबाबांकडे भाड्याने राहत होतो. त्यांचं घर गावाच्या जुन्या भागात होतं. पुढे ओटा, बाजूला आमच्या दोन खोल्या, मागे केळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे खाजण, म्हणजे खाडीला लागून असलेली खारी जमीन. स्टेशनच्या बाजूला इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहत होत्या, पण आमच्याकडे अजून सकाळी पंपाची धकधक आणि वाऱ्यावर फाटक्या केळीच्या पानांची फडफड ऐकू यायची. आई ज्वारीची भाकरी थापायची तेव्हा हिराजीबाबांची सून दारात येऊन बघत उभी राहायची, आणि ती तांदळाची भाकरी करायची तेव्हा आई. थंडीत त्यांच्याकडे उकडहंडी व्हायची. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा भरून, वर पाला कोंबून चुलीवर चढवायची. तो वास आला की मी कुठलंतरी भांडं परत करायच्या निमित्ताने त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. उन्हात वाळवलेली सुकेळी तर हिराजीबाबा माझ्यासाठी खिशातच ठेवायचे. त्या केळ्यांना त्यांच्या विडीचा थोडा वास लागलेला असायचा, आणि मला तो आवडायचा.

आमचं होणारं घर कुठे होतं, तर तिथेच. हिराजीबाबांचा मुलगा वसंतदादा कामणच्या गोदामांतून टेम्पो चालवायचा. वाडीत आता राम राहिला नाही, पाणी खारं होत चाललंय, म्हणून त्याने बापाच्या मागे लागून वाडी एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. हिराजीबाबांनी होकाराची मान हलवली ती किती नाखुशीने हलवली हे मी पाहिलं होतं. त्याच जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीत आण्णांनी तळमजल्यावरचं घर बुक केलं. त्यासाठी गावाकडच्या घरातला आपला वाटा त्यांनी भावांना सोडला होता, त्यामुळे मागे जायला जागा उरलेली नव्हती. बिल्डरने दिलेला नकाशा आईने भिंतीवर कॅलेंडरशेजारी टांगला होता. त्यात स्वयंपाकघराच्या खिडकीवर तिने पेन्सिलीने एक तुळस काढली होती.

यॉर्क या इंग्लंडमधल्या शहराचा इतिहास सांगणारं ते इंग्रजी पुस्तक आण्णांनी रद्दीवाल्याकडून आणलं. पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानं नव्हती, म्हणून लेखक कोण ते आम्हाला कधीच कळलं नाही. "जाड आहे आणि चित्रं आहेत," एवढाच आण्णांचा निकष. रोज थोडं मोठ्याने वाचायचं आणि मराठीत अर्थ सांगायचा, असा हुकूम झाला. आण्णा कामावरून येऊन जेवले की मी ओट्यावरच्या दिव्याखाली बसायची आणि ते आतल्या खाटेवर पेपर तोंडावर घेऊन आडवे व्हायचे. ऐकताय ना, असं विचारलं की "हूं" यायचं. मला वाटायचं, हे झोपेतलंच हूं आहे. मग मी बापाला सोडून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सुपारी कातरत बसलेल्या हिराजीबाबांना सांगायला लागले.

सुरुवातीला ते नुसते ऐकायचे. दोन नद्यांच्या संगमावर रोमन सैनिकांनी चौकोनी तळ बांधला, त्याच्याभोवती तटबंदी घातली, असं मी अडखळत सांगितलं. एका बादशहाचा तिथेच अंत झाला आणि त्याच्या मुलाला सैनिकांनी तिथेच गादीवर बसवलं. हिराजीबाबांनी अडकित्ता थांबवला.

"त्या नदीला भरती येते का गो?"

असा प्रश्न परीक्षेत येणार नव्हता, पण मला उत्सुकता वाटली. मी पानं चाळली. येत होती. समुद्र दूर होता तरी भरतीचं पाणी शहरापर्यंत चढायचं आणि त्याच्याबरोबर गलबतं यायची.

"मंग तो आपल्यासारखाच गाव हाय," ते म्हणाले. "आता पुढं बग, गाळ भरल न् बंदर जाईल."

ते खरंच निघालं. जहाजं मोठी झाली, नदीत मावेनाशी झाली आणि व्यापार खाली समुद्राकडच्या दुसऱ्या बंदराने उचलला, असं पुस्तकात बरंच पुढे लिहिलं होतं. मी ते सांगितलं तेव्हा हिराजीबाबा खूश झाले नाहीत. जवळच्या नात्यातलं कुणीतरी गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आमच्या सोपाऱ्यालाही कधीकाळी देशोदेशीची जहाजं यायची, हे शाळेत शिकले होते मी. पण शाळेतलं सोपारा आणि जिथे आम्ही रॉकेलच्या रांगेत उभ्या राहायचो ते सोपारा एकच, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. गावाबाहेरच्या स्तूपाला तर सगळे बुरूडराजाचा कोटच म्हणायचे. टोपल्या विणणारा राजा होता आणि त्याचा तो किल्ला. हिराजीबाबांनी तो राजा मला अशा तपशिलात सांगितला होता की जणू त्यांनी त्याच्याकडून टोपली घेतली होती.

मग रोजची बैठकच बसली. व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, आले त्या दिवशी हिराजीबाबांची सून आणि वसंतदादाही येऊन बसले. होड्यांच्या टोकाला लाकडी राक्षसाची तोंडं होती, हे सांगितल्यावर वसंतदादा म्हणाला, "आपल्या टेम्पोला पन बसवतो एक." लुटायला आले आणि राहूनच गेले, मुलंबाळं झाली, दुकानं टाकली, असं पुढे होतं. आई आतून म्हणाली, "आपल्यासारखंच. आलो दोन वर्षांसाठी." पुढे फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राजाने नदी अडवून आपल्या किल्ल्याभोवती तळं केलं आणि त्यात लोकांची पिकती शेतं बुडाली, तेव्हा मात्र हिराजीबाबा उठूनच उभे राहिले. खाजणातले बांध त्यांनी जन्मभर घातले होते. "शेतात पानी सोडलं मेल्यान! किल्ल्यासाठी?" त्या रात्री त्यांनी पुढचं ऐकलं नाही. तिथल्या मोठ्या चर्चचं काम अडीचशे वर्षं चाललं होतं, हे कळल्यावर आईने भिंतीवरच्या नकाशाकडे बघून हात जोडले. आमच्या बिल्डरने दोन वर्षं म्हटलं होतं आणि अजून एक खुंटीही ठोकली नव्हती.

मला इंग्रजी येऊ लागलं होतं. केव्हा, ते मात्र सांगता येणार नाही. हिराजीबाबा खोदून खोदून विचारायचे, "त्या वक्ताला बायका काय करत होत्या?", "मीठ कुठून आणायचे?", आणि त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी वाक्यं पुन्हा पुन्हा वाचायची. कुणालातरी पुढचं ऐकायचंय, यापेक्षा चांगली शिकवणी मला नंतर कुठे मिळाली नाही.

शेवटच्या प्रकरणात एक फोटो होता. गमबूट घातलेली माणसं चिखलात उकिडवी बसली होती आणि हातात ब्रश. यॉर्कमध्ये एक जुना मिठाईचा कारखाना पाडून तिथे दुकानं बांधायची होती. पण पाया घालण्याआधी, खाली काय आहे ते बघू, म्हणून त्यांनी खणलं. तर खाली व्हायकिंगांची अख्खी वस्ती. घरांच्या लाकडी भिंती, चामड्याचे जोडे, हाडांचे कंगवे. ओल्या चिखलात हवा लागली नाही म्हणून हजार वर्षं सगळं टिकलं होतं.

"चिखल राखतोच," हिराजीबाबा म्हणाले. "होडीचा लाकूड वर कुजतो, गाळात नाय कुजत." मग त्यांनी वाडीच्या अंधाराकडे पाहिलं. "बांधायच्या आधी बगितलं त्यांनी," एवढंच म्हणाले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुदळ घेऊन वाडीत होते. वाडी तेव्हा अर्धी मोकळी झाली होती, केळी तोडून ठेवलेल्या. खाजणाच्या बाजूच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात कधी पाणी साचत नसे, कुणी खालून घोट घेतल्यासारखं जिरून जायचं. लहानपणापासून त्यांनी ते पाहिलं होतं. तिथेच त्यांनी खणायला घेतलं. वसंतदादा त्या आठवड्यात कामणलाच मुक्कामाला होता. मी घमेल्याने माती बाजूला टाकू लागले. मला खरंच वाटत होतं की आता जोडा निघणार. पहिल्या दिवशी खापऱ्या निघाल्या, त्या तर आमच्याकडे कुठेही खणलं तरी निघतात, कोंबड्यांना पाणी ठेवायला सून त्या उचलून न्यायची. पण नंतर कुदळ ठण्णकन वाजली. भाजलेल्या मातीचं एक मोठं गोल कडं होतं, माझे दोन्ही हात पसरले तरी कवेत न येणारं. त्याच्याखाली दुसरं. त्याच्याखाली आणखी. कडी एकावर एक रचून कुणीतरी विहीर बांधली होती. हिराजीबाबा आत उतरले आणि चिखल उपसत गेले. माती काळी झाली, मग ओली झाली, आणि एका दुपारी त्यांच्या पावलांभोवती पाणी दिसायला लागलं. त्यांनी ओंजळ भरली, चाखली आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"गोडा हाय," ते म्हणाले. "गो पोरी, गोडा पानी हाय."

आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झालेल्या. तो आनंद मी नीट लिहू शकत नाही. पुस्तकातलं यॉर्क माझ्या पायाखाली आलं होतं, आणि ते आमचंच होतं.

रविवारी आण्णा घरी होते, वसंतदादाही. दोघेही कोपऱ्यात येऊन खाली बघत उभे राहिले आणि दोघांचे चेहरे उतरले.

"बाबा, हे काय करून ठेवलंय?" वसंतदादा हळू आवाजात म्हणाला. "कोटाजवळ बगा, सरकारची पाटी लागली तवापासून कोनाला खिळा ठोकता येत नाय. हे बाहेर कळलं तर बिल्डर उद्या पळंल."

मग आण्णा बोलले. माझ्या वडिलांना कुणाकडे काही मागायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचं वाक्य सरळ बाहेर पडेना. "बाबा, ह्या कोपऱ्यावर... आमचं घर आहे. म्हणजे व्हायचंय. मला आता गावाकडे काही नाही."

त्या क्षणी मला आण्णांचाही राग आला आणि त्यांची दयाही आली. हिराजीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ते पुस्तकातल्या त्या गमबूटवाल्यांचं नाव काढतील. पण ते म्हणाले, "पोरीला घर पायजे. भर रे वसंता." आणि डोक्याचं फडकं काढून त्यांनी तोंड पुसलं. नुसता घाम नव्हता तो.

वसंतदादाने घमेलं भरलं. बाहेरचा माणूस नको म्हणून तो स्वतःच माती टाकणार होता. तेवढ्यात आई आली, हातात ताट घेऊन. हळद, कुंकू, नारळ, खण, तांदूळ. म्हणाली, "थांबा जरा. इतक्या वर्षांनी पाणी वर आलंय, त्याला असं रिकाम्या हाताने परत पाठवू नका. ओटी भरते, क्षमा मागते, मग घाला माती." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं. वसंतदादाच्या बायकोने धावत जाऊन जास्वंदीची फुलं आणली. आईने कड्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली, खण ठेवला, आणि नारळ आण्णांच्या हातात दिला. आण्णांनी चप्पल काढली, नारळ फोडला, पाणी विहिरीत सोडलं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मग आई बाजूला झाली आणि म्हणाली, "हं, घाला आता."

वसंतदादाने घमेलं उचललं. कडेपर्यंत गेला. खाली पाहिलं. पिवळं-तांबडं कडं, खण आणि पाण्यावर तरंगणारं जास्वंदीचं फूल. तो तसाच उभा राहिला आणि मग त्याने घमेलं जमिनीवर ठेवून दिलं.

"मी नाय टाकनार."

"अरे, आत्ता तर तूच..." आण्णा म्हणाले.

"तवा तो खड्डा होता. आता पुजलीय. पुजलेल्या पान्यावर माती कोन टाकंल?"

"अहो, पण मी निरोपाची पूजा केली," आई कासावीस होऊन म्हणाली. "पाठवणीची!"

"पूजा ती पूजा, वैनी."

मग आण्णा पुढे झाले. त्यांनी घमेल्याचे कान धरले. त्यांच्या बोटांना अजून नारळाचं पाणी लागलेलं होतं, त्याला माती चिकटली. त्यांनी हाताकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं आणि घमेलं सोडून तिथेच मातीच्या ढिगावर बसले. आई तोंडाला पदर लावून उभी होती. भिंतीवरच्या नकाशातली तुळस तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, हे तिला तेव्हाच कळलं होतं. हिराजीबाबा तेवढे हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत, आणि डोळे पुसत होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका, वाडीत देवी निघाली म्हणून, ताटं घेऊन यायला लागल्या होत्या. आठवडाभरात बिल्डर जीप घेऊन आला. जुन्या वस्तूला तो घाबरला असता, पण देवीला घाबरायचं कारण नव्हतं. त्याने बूट काढले, नमस्कार केला आणि नकाशातला तो कोपरा छाटून टाकला. आमचं घर त्याच कोपऱ्यावर होतं. त्याच्या बदल्यात त्याने चांदीपच्या वाटेवरच्या कुठल्याशा इमारतीत जागा देऊ केली. तिथे तेव्हा धड रस्ताही नव्हता, आणि ती इमारत उभी राहीपर्यंत माझं लग्न होऊन गेलं. तोवर आम्ही हिराजीबाबांच्या खोल्यांतच राहिलो. आईने नकाशा उतरवला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पापड वाळत घातले. आण्णा मला किंवा आईला एका शब्दाने बोलले नाहीत. पण वाडीच्या त्या कोपऱ्याकडे ते पुढे कधी फिरकले नाहीत, आणि पुस्तक माळ्यावर गेलं. मी इंग्रजीत पास झाले, तेही बाकी सगळ्या विषयांपेक्षा जास्त गुण मिळवून.

हिराजीबाबा मात्र रोज विहिरीच्या कट्ट्यावर बसायचे. बायका विचारायच्या, बाबा, कुठली ही देवी, किती जुनी? आणि बाबा सांगायचे. त्यांच्याकडे सांगण्यासारखा एकच भरगच्च इतिहास होता, मी सांगितलेला यॉर्कचा. त्यात त्यांनी बुरूडराजाला बसवून टाकलं. मी एकदा म्हटलं, "बाबा, ते तिकडचं." ते म्हणाले, "खाडी तीच गो. भरती सगळीकडंच येते." ते गेले त्या वर्षी मी सासरी होते. त्यांच्या सुनेने माझ्यासाठी सुकेळी राखून ठेवली होती.

आण्णांच्या अखेरच्या दिवसांत, एका दुपारी, त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "मला एकदा तिकडे ने." मी रिक्षा केली. जुनं सोपारा ओळखू येत नव्हतं. इमारतींच्या मधोमध तो कापलेला कोपरा मात्र तसाच, भोवती लोखंडी जाळी, फरशी, वर पत्रा. आण्णा काठी टेकत उभे राहिले आणि काठीनेच हवेत दाखवू लागले. "इथे आपला दरवाजा आला असता. इथे मोरी. आणि ही खिडकी, तुझ्या आईची." आई जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता.

जाळीपाशी इमारतीचा वॉचमन बसला होता, उत्तरेकडून आलेला तरुण. आम्ही दर्शनाला आलोय असं समजून त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली, मोडक्यातोडक्या मराठीत. "बाबूजी, ये बहुत पुरानी विहीर आहे. इधर पहिले रोमन राजा आला, त्याने चारी बाजूला दीवार बांधली. मग राक्षसाचे मूँहवाले नाव घेऊन लोग आले, लुटायला आले, पण इधरच राहून गेले. मग एक राजाने गरीब लोगचे खेत डुबवले, तर माताजी गुस्सा झाली, जमीन के नीचे गेली. बुरूडराजा रोज टोकरी भरून फूल आणायचा, तवा वापस आली."

मी तोंड उघडणार, तोच आण्णांनी माझा हात दाबला. आयुष्यभर ज्या माणसाचा समज होता की त्याची मुलगी आणि बायको मिळून त्याचं घर विहिरीत घालून मोकळ्या झाल्या, त्याच माणसाने मला अडवलं. ते वॉचमनच्या जवळ गेले, काठी जाळीला टेकवली, आणि हजेरी घेताना एखादं नाव राहिलं तर ज्या काळजीने म्हणायचे त्याच काळजीने म्हणाले, "कंगवे राहिले तुझे. हाडांचे कंगवे मिळाले होते त्या लोकांचे. आणि चामड्याचे जोडे. चिखलामुळे टिकले. ते पण सांगत जा."